रक्त नेता, पण सांगत नाही

मागच्या उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम उरकल्यावर गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावच्या ग्रामसभेला गेलो होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं. माझा साडू तिथला, त्याच्यासोबत गेलो आणि मोहाच्या झाडाखाली मागे बसून राहिलो. शेवटचा विषय लहान मुलांच्या रक्ततपासणीचा होता. तापाचा अभ्यास करायला बाहेरची काही माणसं येणार, पाच वर्षांखालच्या लेकरांचं रक्त घेणार, गावाची मंजुरी आहे का? आशाताई आपल्या परीनं समजावत होती. तेवढ्यात बारावी झालेला एक पोरगा उठला, "आमचे पोट्टे काय उंदीर आहेत का जी?" एवढं म्हणाला आणि खाली बसला. त्यानंतर कुणी फार बोललं नाही. मंजुरी मिळाली नाही.

मीही गप्प राहिलो. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काढली, हजारो लेकरांची बोटं टोचली. त्या सभेत मी तोंड उघडणं बरं दिसलं नसतं. पण परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर मागे बसून त्या पोराशी मनातल्या मनात भांडत होतो. घर येईस्तोवर ध्यानात आलं की भांडण अर्धंच जमतंय. त्याचा प्रश्न रास्त आहे. त्यातून सभेनं काढलेला 'नको' मात्र मला पटत नाही. लहान मुलांच्या गंभीर मलेरियावरचं संशोधन आपल्या जंगलात, आपल्या लेकरांवर, आपल्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे असं मला वाटतं. का वाटतं ते सांगायला जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

मलेरिया इकडे नवा पाहुणा नाही. पावसाळा लागला की भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांतल्या केंद्रांत स्लाइडचे, म्हणजे रक्त लावलेल्या काचांचे, गठ्ठे येऊ लागतात. "पीव्ही निघाला" म्हटलं की सिस्टर गोळ्यांचा डबा उघडते. "पीएफ निघाला" म्हटलं की आधी पोराच्या तोंडाकडे बघते. पीएफ म्हणजे प्लास्मोडियम फाल्सिपेरम, मलेरियाच्या जंतूची एक जात. बहुतेक वेळा जीव घेणारा तो हाच. (पीव्ही म्हणजे प्लास्मोडियम व्हायवॅक्स, तोही अगदी गरीब नाही. बिकानेरच्या डॉक्टरांनी २००५ साली पीव्हीनं गंभीर झालेले रुग्ण नीट तपासून मांडले. तोवर बहुतेकांच्या लेखी तो सौम्यच होता.)

काच कशी बघतात ते आधी सांगतो, माझा मुद्दा तिथूनच निघतो. काचेच्या एका पट्टीवर रक्ताचा जाड थेंब आणि शेजारी पातळ ओढ. ती जेएसबी स्टेनच्या, म्हणजे जंतू रंगवायच्या रंगाच्या, दोन भांड्यांत, एक निळं नि एक लाल, बुडवायची, धुवायची, वाळवायची. जाड थेंबात जंतू आहे की नाही ते कळतं, पातळ भागात त्याची जात. पीएफचं कोवळं रूप म्हणजे बारीकशी अंगठी, तिच्यावर खड्यासारखा लाल ठिपका. त्याची नर-मादी रूपं विळ्याच्या पात्यासारखी. मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड, अशी शंभर मोजायची. शंभरात मिळून दहापर्यंत जंतू सापडले तर एक प्लस, शंभरापर्यंत सापडले तर दोन, आणि एकेका फील्डमध्येच दहाच्या वर दिसू लागले तर चार प्लस.

एका ऑगस्टात रात्री तीन वर्षांची मुलगी आणली. नाल्याला पाणी होतं, गाडी पलीकडेच अडलेली, म्हणून खाटेला बांबू बांधून चौघांनी खांद्यावरून आणली होती. सकाळी अंगणात खेळत होती म्हणे. आता झटके येत होते, दातखीळ बसलेली. लाइट गेलेली. मायक्रोस्कोपच्या आरशावर टॉर्च मारून मी काच बघितली. शंभर फील्डमध्ये सात-आठ अंगठ्या. "एक प्लस सर, फार नाही," मी म्हणालो. मलेरियाचं औषध, क्विनाइन, सुरू झालंच होतं, माझ्या शब्दानं ते थांबलं नाही. पहाटे पोरगी गेली. तिच्या आजीनं मला विचारलं, "रक्तात काय निघालं?" मी म्हटलं, "थोडा मलेरिया."

थोडा मलेरिया!

ते 'फार नाही' कुठे चुकलं हे मला कित्येक वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं. पीएफचा अंगातला फेरा अठ्ठेचाळीस तासांचा. त्यातला निम्माच वेळ तो रक्तासोबत फिरतो. पुढे त्याची लागण झालेल्या लाल पेशी चिकट होतात आणि मेंदूच्या, आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतात. बोटाच्या थेंबात त्या येतच नाहीत. म्हणजे मी बसस्टँडवर उभा राहून गावात माणसं किती ते मोजत होतो.

हे ज्ञान आलं कुठून? बरंचसं आफ्रिकेतून. मलावीतल्या ब्लांटायर शहरात मलेरियानं बेशुद्ध झालेल्या मुलांचा अभ्यास कित्येक वर्षं चालला आहे. मलेरियात लहान मुलाची बेशुद्धी मोजायची जी पद्धत जगभर वापरतात तिचं नावच ब्लांटायर कोमा स्केल. मेंदूच्या मलेरियानं गेली असं डॉक्टरांनी ठरवलेल्या ३१ मुलांचं तिथे शवविच्छेदन झालं, आईबापांना विचारून. २००४ साली निष्कर्ष छापून आला: त्यांतली ७ मुलं मलेरियानं गेलीच नव्हती. रक्तात जंतू होते, बेशुद्धी होती, सगळी लक्षणं जुळत होती. मरणाचं कारण दुसरंच होतं. डोळ्याचा आतला पडदा तपासला तर खरा मेंदूचा मलेरिया पुष्कळदा ओळखू येतो, हेही त्याच कामातून पक्कं झालं. पुढे २०१५ मध्ये तिथल्याच एमआरआय अभ्यासानं दाखवलं की दगावलेल्या २५ मुलांपैकी २१ जणांचा मेंदू फार सुजलेला होता.

हे वाचलं तेव्हा माझी झोप उडाली होती, खोटं कशाला सांगू. माझ्या काचेनं एकीचा मलेरिया 'थोडा' दाखवला होता. मग किती जणांच्या कागदावर मी 'पीएफ तीन प्लस' लिहून दिलं असेल आणि ते मेनिंजायटिसनं किंवा जपानी मेंदूज्वरानं गेले असतील? निरोगी दिसणाऱ्या, अंगणात कोंबड्यांमागे पळणाऱ्या पोरांच्या रक्तातही आपल्याकडे पीएफ सापडतो. त्या पोराला उद्या दुसराच आजार झाला तर दवाखान्यात काच पॉझिटिव्हच येणार आणि शोध तिथेच थांबणार.

आता सलाईनचं बघा. आपल्या खेड्यांत "दोन बाटल्या लावल्या" म्हणजे उपचार झाला. झोलाछापापासून एमबीबीएसपर्यंत सगळ्यांचा हात तापानं गळालेलं, हातपाय गार पडलेलं लेकरू बघितलं की बाटलीकडे जायचा, आणि बाटली जोरात सोडायची. पाठ्यपुस्तकही तेच सांगत होतं. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर नीट तपासलं गेलं. ३,१४१ मुलं, त्यातली अर्ध्याहून जास्त मलेरियाची. काहींना द्रव भराभर दिला, काहींना नाही. भराभर मिळालेल्यांपैकी साडेदहा टक्के मुलं ४८ तासांत गेली. न मिळालेल्यांपैकी ७.३ टक्के. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. निकाल २०११ मध्ये आला आणि भल्याभल्यांना पटेना. जुलाबाची मुलं या अभ्यासात नव्हती आणि सावकाश थेंबथेंब चालणाऱ्या सलाईनबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही, हे इथेच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी जुलाबाच्या पोराची बाटली काढेल. पण तापानं गार पडलेल्या लेकराला वाचवायला म्हणून जे केलं जात होतं, त्यानं शंभरामागे तीन लेकरं जास्त जात होती.

मग प्रयोग कुणी केला म्हणायचा? त्या तीन देशांतल्या डॉक्टरांनी, की काहीच न तपासता वर्षानुवर्षं बाटल्या सोडणाऱ्या आपण सगळ्यांनी? त्यांच्याकडे वही होती, आईबापांची परवानगी होती, आकडे बिघडू लागताच 'थांबा' म्हणणारी समिती होती. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं, आणि उंदीर हा शब्दही कुणाच्या तोंडून आला नव्हता. त्या पोराला मला हे सांगायचं होतं.

औषधाची गोष्टही अशीच. चीनच्या तू यूयू यांना २०१५ मध्ये ज्या शोधासाठी नोबेल मिळालं, त्या आर्टेमिसिनिनपासून आर्टेसुनेट बनतं. ते इंजेक्शन क्विनाइनपेक्षा भारी आहे हे २००५ साली बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या १,४६१ रुग्णांवरच्या चाचणीतून कळलं. भारताच्या बाजूनं त्यात राउरकेला होतं, ओडिशातलं, साल-मोहाच्या आपल्यासारख्याच मुलुखातलं. क्विनाइनवर २२ टक्के रुग्ण गेले, आर्टेसुनेटवर १५. एवढा फरक दिसल्यावर दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे औषध बदलायला हवं होतं. पण त्या १,४६१ मध्ये पंधरा वर्षांखालची मुलं होती फक्त २०२. लहान मुलांत मलेरिया वेगळा वागतो. मोठ्यांची किडनी बसते, कावीळ होते. लेकरांना झटके येतात, रक्तातली साखर एकाएकी उतरते, रक्त पाण्यासारखं होतं, श्वास खोल खोल जातो. म्हणून मोठ्यांचा निकाल मुलांना लावता येईना. आफ्रिकेतल्या नऊ देशांत ५,४२५ मुलांवर वेगळी चाचणी झाली, तिचा निकाल २०१० मध्ये आला: क्विनाइनवर १०.९ टक्के, आर्टेसुनेटवर ८.५. मग २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठीही आर्टेसुनेट सांगितलं. मधली पाच-सहा वर्षं लेकरं क्विनाइनवरच होती. आणि एवढ्यावर भागलं नाही. मुलांच्या रक्तात औषध किती उतरतं ते मोजल्यावर कळलं की मोठ्यांच्या हिशेबानं दिलेला डोस लहानग्यांना कमी पडतो. २०१५ पासून वीस किलोखालच्या मुलाला दर किलोला २.४ ऐवजी ३ मिलिग्रॅम द्यायला सांगितलं गेलं.

"मुलांना अभ्यासात घेऊ नका, ती नाजूक असतात" असं म्हणणाऱ्यांनी ही पाच-सहा वर्षं लक्षात ठेवावीत. त्या काळात किती लेकरं गेली ते कोण मोजणार?

यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, आफ्रिकेत अभ्यास झाला, औषध सापडलं, डोस ठरला. आता गडचिरोलीच्या पोरांना कशाला टोचता? हा मुद्दा मला वरवरचा वाटतो. आपलं लेकरू ब्लांटायरचं लेकरू नाही. सलाईनच्या ज्या चाचणीचं मी एवढं कौतुक केलं तिच्यात अतिकुपोषित मुलं घेतलीच नव्हती, आणि आपल्याकडे झटके येत दवाखान्यात पोचणाऱ्या कितीतरी पोरांचं नाव अंगणवाडीच्या वहीत आधीच सॅम, म्हणजे अतिकुपोषित, म्हणून चढलेलं असतं. त्यांना द्रव किती द्यायचा? डॉक्टर अंदाजानं देतात. दुसरं, सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि इतरही समाजांत हा घरोघरचा विषय आहे. आईबापांपैकी एकाकडूनच तो गुण आलेल्या मुलाला गंभीर मलेरियापासून मोठं संरक्षण मिळतं, ही गोष्ट १९५४ मध्ये आफ्रिकेतच लक्षात आली. दोघांकडून आला तर मात्र तेच रक्त मलेरियात झपाट्यानं तुटतं. एकाच घरात एका भावाला ढाल आणि दुसऱ्याला घाव, असं मी बघितलं आहे. त्यात पीव्ही आणि पीएफ दोन्ही आपल्याकडे शेजारीशेजारी नांदतात. आफ्रिकेच्या जास्त मलेरियाच्या भागांत पोरं पाच वर्षांपर्यंत इतक्यांदा आजारी पडतात की पुढे त्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती येते. आपल्याकडे तशी खात्री नाही, दहा-बारा वर्षांचा आश्रमशाळेतला पोरगाही एका रात्रीत बेशुद्ध होऊ शकतो.

आणि मुळात आपल्याकडे मलेरियानं मरतं किती, यावरच एकमत नाही. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात एक अभ्यास आला. २००१ ते २००३ मधल्या मृत्यूंबद्दल घरोघरी जाऊन नातेवाइकांना विचारून त्यांनी अंदाज काढला: भारतात सत्तर वर्षांखालचे वर्षाला २ लाख ५ हजार मृत्यू मलेरियाचे. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा आकडा होता १५ हजार. एवढी दरी! संघटनेनं हरकत घेतली की आई म्हणते थंडी वाजून ताप आला, म्हणून तो मलेरियाच कशावरून? हरकत चुकीची नाही, ब्लांटायरच्या सात मुलांचं उदाहरण समोर आहेच. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणाला खोडता आली नाही असं मला वाटतं: मलेरियाचे म्हणून धरलेले ८६ टक्के मृत्यू कुठल्याही दवाखान्यात झाले नव्हते. घरी, शेतात, वाटेत. माझ्यासारख्याच्या काचेपर्यंत जे आलेच नाहीत ते.

म्हणून मला विचाराल तर आपल्याकडे संशोधनाची जागा मोठ्या रुग्णालयातल्या एमआरआयपेक्षा पाड्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतच्या वाटेवर जास्त आहे. पहिले सहा तास. या तासांसाठी एक साधी वस्तू आहे, गुदद्वारातून ठेवायची आर्टेसुनेटची छोटी कॅप्सूल. झटके येणारं, उलट्या करणारं पोरगं गोळी गिळू शकत नाही. ही आशाताईसुद्धा ठेवू शकते. २००९ मध्ये बांगलादेश, घाना आणि टांझानियातल्या मोठ्या चाचणीत दिसलं की ज्या लहानग्यांना दवाखाना सहा तासांत गाठता आला नाही, त्यांच्यातलं मरण आणि कायमचं अपंगत्व तिनं निम्म्यावर आणलं. सगळे खूश झाले. मग काँगो, नायजेरिया आणि युगांडात ती गावोगाव वाटून बघितली, तर मृत्यू घटले नाहीत. लेकरू मोठ्या दवाखान्यात पोचायचं नाही, पोचलं तरी पुढचा उपचार पुरा व्हायचा नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशांना हात आखडता घ्यायला सांगितलं, पुढे नव्या अटींसह परत परवानगी दिली.

भामरागडला पर्लकोटेला पूर आला की काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पुलावरून पाणी, पलीकडे तालुका, अलीकडे १०८ची गाडी. तिथे ही कॅप्सूल कामाची की नुसती समजूत? आशाताईनं ठेवल्यावर आईबाप "आता बरं वाटतंय" म्हणून घरीच थांबतात का? पुजाऱ्याकडे जाऊन मग येतात, की आधी येतात? युगांडातल्या कांपालाच्या माणसाला हे सांगता येणार नाही, मुंबईच्याही नाही. हे इथेच, आपल्या पावसात, आपल्या नाल्यांवर मोजावं लागेल.

सगळ्यात जोरदार आक्षेप मला त्या सभेत नव्हे, घरीच ऐकायला मिळाला. माझी सून म्हणाली, "बाबा, तिथं पूल द्या, डॉक्टर द्या, मच्छरदाण्या द्या. अभ्यास कशाला पाहिजे?" बरोबर आहे तिचं. शेजारच्या मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात ताप आलेला प्रत्येक माणूस शोधून, तपासून, पूर्ण उपचार देऊन मलेरिया फार खाली आणला गेला. ओडिशानं दुर्गम गावांत मोहिमा काढून तेच केलं. त्यासाठी नवं औषध शोधावं लागलं नाही. पण बघा, ती कॅप्सूल एकटी पुरत नाही, पुढे रस्ता आणि दवाखाना लागतो, हे सिद्ध कशानं झालं? अभ्यासानंच. पूल मागायला मोर्चा लागतो हे खरं, पण "पूल नसल्यानं आमच्या तालुक्यात गेल्या पावसाळ्यात इतकी लेकरं गेली" असा कागद हातात असला की मोर्चाचा आवाज वेगळा निघतो. तो कागद आज आपल्याकडे नाही.

आणि एक भीती मला वाटते. देशानं २०२७ पर्यंत स्थानिक मलेरिया शून्यावर आणायचं आणि २०३० पर्यंत निर्मूलन करायचं ठरवलं आहे. चांगलंच आहे. पण वरून शून्य मागितलं की खालून शून्य पाठवायचा मोह होतो. मी नोकरीत हे बघितलं आहे. टार्गेट कुठलंही असो, मार्चअखेर ते भरतं. शिवाय खरोखर रुग्ण कमी झाले तरी उरलेल्या लेकरांचा धोका वाढतो. अंगात प्रतिकारशक्ती नाही, नव्या डॉक्टरानं गंभीर मलेरिया कधी बघितलेला नाही, काच बघणारे हात निवृत्त झालेले. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी मलेरियावरची आर-२१ लस २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केली. तिच्या मोठ्या चाचण्या बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात झाल्या, आणि ती तिकडच्या मुलांना मिळू लागली आहे. आपल्याकडे मलेरिया कमी म्हणून ती कदाचित लागणारही नाही. पण लागते की नाही हे सांगायलासुद्धा इथला आकडा लागेल.

आता त्या पोराच्या बाजूनं बोलतो, कारण तो हवेत बोलला नव्हता. सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली की तेलंगण. तिथल्या खम्मम जिल्ह्यात, तेव्हा तो आंध्रात होता, २००९ मध्ये हजारो शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस अभ्यासासाठी देण्यात आली. त्यात आदिवासी वसतिगृहांतल्या मुली पुष्कळ. काही मुली नंतर वारल्या. चौकशीत त्यांचं मरण लशीमुळे नसल्याचं म्हटलं गेलं, आणि ते खरंही असेल. पण परवानगीचे कागद तपासले तेव्हा आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननं किंवा मुख्याध्यापकानं सही केलेली निघाली. आईबापांना विचारलंच नाही. २०१० मध्ये काम थांबवलं गेलं, २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं कडक शब्दांत अहवाल दिला. आश्रमशाळेत वाढलेल्या पोराला वॉर्डनची सही म्हणजे काय हे मी सांगायची गरज आहे का? त्याच्या तोंडी उंदीर आला तो तिथून आला.

आमच्या खात्यानंही कुठे काय केलं? रक्त घेतलं, नेलं, निकाल वहीत चढवला. पूर्वी तर ताप दिसला की क्लोरोक्विन हातावर ठेवायची आणि काचेचा निकाल यायला आठवडा जायचा. तोवर पोरगं एकतर खेळायला लागलेलं असायचं किंवा नसायचं. पुढे आरडीके, म्हणजे झटपट तपासणीच्या पट्ट्या, आल्या, निकाल पंधरा-वीस मिनिटांत मिळू लागला, ही मोठीच गोष्ट. पण सर्वेक्षणाला नेलेल्या रक्ताचं काय झालं हे गावात परत येऊन सांगितल्याचं माझ्या तीस वर्षांत एकदाही आठवत नाही. एका बाईनं मला तोंडावर म्हटलं होतं, "रक्त नेता, पण सांगत नाही." मी हसून वेळ मारून नेली.

तरीही दुसरी वाट याच जिल्ह्यात पाडली गेली आहे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम सुरू केलं. गावातल्या अर्धशिक्षित माणसांना आणि सुईणींना श्वास मोजून बालन्यूमोनिया ओळखायला शिकवलं, मणी सरकवत मोजायचं साधंसं साधन दिलं, औषध हातात दिलं आणि बालमृत्यू कमी झाल्याचं १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवलं. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांनी नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, तो निकाल १९९९ चा. आज देशभरातली आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जाते, ती याच अभ्यासातून. त्या अभ्यासात तुलनेसाठी ४७ दुसरी गावं होती, तिथे नेहमीची सरकारी सेवाच चालू होती. त्या गावांतल्या आयांना काय वाटलं असेल हा प्रश्न मला छळतो, आणि तो छळलाही पाहिजे. पण तिथे अभ्यास करणारा माणूस रक्त घेऊन निघून गेला नाही. तो तिथेच राहिला, आणि मोजणारी बाई त्याच गावची होती.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. त्यांचा अभ्यास गट मला त्या घोषणेपेक्षा मोठा वाटतो. निर्णयाआधी विषय समजून घ्यायला बसायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, उलटसुलट विचारायचं आणि मग सर्वसहमतीनं ठरवायचं. तापाच्या अभ्यासाला मंजुरी मागणाऱ्यानं एका सभेत पाच मिनिटं मागूच नयेत. त्यानं आधी अभ्यास गटासमोर दोन-तीनदा बसावं, मराठीत नाही तर माडिया-गोंडीत समजावता येणारा माणूस सोबत आणावा आणि कुठल्या पोराला अभ्यासात घेणार नाही तेही सांगावं. अभ्यासात कुठलाही आजार सापडला तर उपचार करून देईन असं लिहून द्यावं. रात्री दोन वाजता झटके येणाऱ्या पोरीच्या आईसमोर बारा पानांचा फॉर्म ठेवण्याला परवानगी म्हणत नाहीत; सलाईनच्या त्या चाचणीत अशा वेळी आधी थोडक्यात तोंडी संमती घेत आणि लेकरू सावरल्यावर नीट बसून पुन्हा विचारत, नाही म्हणायची मुभा ठेवून. आपल्याकडे त्याच्याही आधी, उन्हाळ्यातच, सगळ्या गावाला विचारून ठेवता येईल. आणि निकाल इंग्रजी मासिकात जाण्याआधी गावच्या सभेत यावा, वाईट निघाला तरी.

गेल्या महिन्यात तो पोरगा साडूसोबत माझ्याकडे आला. साडूनं त्याला त्या पोरीची गोष्ट सांगितली होती. मी माझा जुना स्लाइडचा डबा काढून दाखवला. त्यानं मोबाइलवर प्रश्न लिहून आणले होते. पहिला, "तपासून झाल्यावर काचेचं काय करता जी?" मी सांगितलं, पॉझिटिव्ह सगळ्या आणि निगेटिव्हमधल्या काही क्रॉस चेकिंगला जायच्या, बाकीच्या आम्ही साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरायचो. "म्हणजे एकाच काचेवर दहा गावांचं रक्त?" हो, म्हटलं. दुसरा प्रश्न त्यानं मोबाइलकडे न बघता विचारला. "त्या पोरीच्या आजीला मागून सांगितलं का तुम्ही, थोडा नव्हता म्हणून?"

मी मान हलवली. त्यानं प्रश्नासमोर 'नाही' असं टाइप केलं आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळला.